तांदळातलं प्लास्टिक आणि बंबातलं प्लास्टिक



ज्या सरांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते हयातभर या तालुक्यात रसायनशास्त्र शिकवत राहिले. म्हणून यंदाचा विषय घरातल्या रसायनाचा असावा, असं आयोजकांनी ठरवलं. त्यांच्या पत्रात विषय होता ‘प्लास्टिक : शाप की वरदान’. आठवीच्या निबंधाला हा मथळा छान आहे. मी तो बदलून मागितला आणि त्यांनी कुरकुर न करता बदलून दिला, याबद्दल त्यांचे आभार.

सुरुवात तांदळापासून करू. रेशनच्या तांदळात प्लास्टिक निघालं, हे इथं बसलेल्या जवळजवळ प्रत्येकानं ऐकलं असेल. जून 2017 मध्ये हैदराबाद आणि आसपासच्या भागात ही हूल जोरात उठली. भाताचा गोळा करून भिंतीवर, फरशीवर आपटायचा, तो चेंडूसारखा उसळला की झालं, तांदूळ प्लास्टिकचा! तपासायला गेलेले नमुने तांदूळच निघाले, पण तोवर व्हिडिओ घरोघर पोचले होते. आता भाताचा गोळा उसळतो का? उसळतो. तांदळात बहुतांश स्टार्च असतो, तो शिजला की चिकट होतो आणि दाबून गोळा केला की त्यात लवचिकपणा येतो. घरी इंद्रायणी असेल तर आज रात्री करून पाहा, रेशनच्या तांदळापेक्षा चांगली उसळी घेईल. दुसरी गोष्ट हिशोबाची. कारखान्याला लागणारा कोऱ्या प्लास्टिकचा दाणा किलोमागे तांदळापेक्षा महाग पडतो. स्वस्त मालात महाग वस्तूची भेसळ करून पैसे मिळवणारा व्यापारी अजून जन्माला यायचा आहे.

पण पुढं हे प्रकरण वेगळ्या वळणावर गेलं. 15 ऑगस्ट 2021 ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलं की 2024 पर्यंत सरकारी योजनांमधून पोषणमूल्य वाढवलेला तांदूळ दिला जाईल. आपल्याकडं गडचिरोलीत त्याचा प्रयोग आधीच झाला होता. हा तांदूळ तयार कसा होतो? तांदळाचं पीठ करतात, त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळतात आणि ते यंत्रातून दाबून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात. असा एक दाणा शंभर साध्या दाण्यांत मिसळतात. तो किंचित पिवळट दिसतो, नेहमीच्या दाण्यापेक्षा हलका असल्यामुळं धुताना वर तरंगतो. सूप घेऊन बसलेल्या बाईच्या नजरेतून असा दाणा सुटेल कसा? तिनं तो अचूक हेरला, प्लास्टिक समजून निवडला आणि बाहेर टाकला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यांच्यासाठी तांदळात घातलेलं लोह उकिरड्यावर गेलं.

एवढं सांगून ‘बघा, लोक किती अडाणी’ म्हणत थांबणं सोपं आहे. तसं मी म्हणणार नाही, कारण या तांदळाबद्दल एक खरा प्रश्न होताच. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार असलेल्यांना जादा लोह देताना जपावं लागतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांतच होतं की अशा पाकिटावर या रुग्णांसाठी इशारा छापायचा. 2024 मध्ये, एका समितीच्या अहवालानंतर, ती सक्ती काढून टाकली. ज्या गडचिरोलीत प्रयोग झाला, तिथं आदिवासींमध्ये सिकलसेल आहे, हे वेगळं सांगायला नको. रेशन दुकानात पाकीट नसतं, तांदूळ पोत्यातून मापला जातो, मग इशाऱ्याची सक्ती होती तेव्हाही तो वाचायचा कुठं? तो कशाच्या आधारावर काढला? गावात कुणाला सिकलसेल आहे, याची यादी रेशन दुकानदाराकडं आहे का? हे प्रश्न गावागावात विचारले जायला हवे होते. ते विचारले गेले नाहीत, कारण सगळा गाव भाताचे गोळे आपटण्यात गुंतला होता. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: अफवा खोटं पसरवते ते वेगळंच, पण ती खऱ्या प्रश्नाची जागा अडवून बसते. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी.

आता पाण्याच्या बाटलीकडं येऊ. उन्हात मोटारीत ठेवलेल्या बाटलीतलं पाणी प्यायलं की कर्करोग होतो, हा निरोप आपल्या फोनवर येऊन जुना झाला. पण व्हॉट्सअ‍ॅप जन्मायच्या आधीच तो ई-मेलनं जगभर फिरत होता. त्याला अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं नाव चिकटवलं होतं, पाणी गोठलं किंवा तापलं की प्लास्टिकमधून डायॉक्सिन सुटतं, असं त्यात होतं. शेवटी 2004 मध्ये त्या विद्यापीठातल्याच रॉल्फ हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाला खुलासा करावा लागला. सरांच्या विद्यार्थ्यांना हा खुलासा स्वतःलाच करता आला असता. डायॉक्सिन व्हायला क्लोरीन लागतो. पाण्याची बाटली ज्या पेट प्लास्टिकची असते, त्यात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, इतकंच. जिथं मुळात क्लोरीनच नाही, तिथं डायॉक्सिन येणार कुठून?

मग बाटलीत काहीच नाही का? आहे. पेट बनवताना अँटिमनी या धातुसदृश मूलद्रव्याचं संयुग वापरतात, त्याचा अंश बाटलीत राहतो आणि उष्णतेनं थोडाथोडा पाण्यात उतरतो. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, म्हणजे आपल्या विदर्भासारख्या उन्हाच्या मुलखात, 2008 मध्ये याचा अभ्यास झाला. पाणी सतत 60 अंशांवर ठेवलं, तर तिथली पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडायला 176 दिवस लागतात. 80 अंशांवर ठेवलं, तर अडीच दिवसही पुरतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. दुपारी बाजार करून येईपर्यंत मोटारीत तापलेल्या बाटलीला घाबरायचं कारण नाही. पण पत्र्याच्या गोदामात आणि उघड्या टेंपोत एप्रिल-मे काढलेल्या खोक्यांबद्दल विचारायचं कारण आहे. आणि रिकाम्या बाटलीत उकळतं पाणी किंवा काढा ओतू नये, हे तर बाटली स्वतःच आकसून सांगते.

काळ्या प्लास्टिकच्या कालथ्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण त्यात फसले ते शिकलेले लोक. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये एका अमेरिकी अभ्यासात आलं की काळ्या पळी-कालथ्यांत आग रोखणारी रसायनं सापडतात आणि रोज पोटात जाणारी त्यांची मात्रा धोक्याच्या रेषेजवळ आहे. लोकांनी कालथे फेकले. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या जो श्वार्झ यांनी तो निबंध वाचताना साधा गुणाकार करून पाहिला. 60 किलोच्या माणसाला किलोमागे 7,000 नॅनोग्रॅम, म्हणजे 4,20,000. निबंधात छापलं होतं 42,000. एक शून्य गळालं होतं. डिसेंबरमध्ये दुरुस्ती निघाली. पण इथंही, शून्य परत जागेवर ठेवल्यावर मूळ प्रश्न शिल्लक राहतोच: आग रोखणारं रसायन स्वयंपाकघरातल्या कालथ्यात आलं कसं? जुन्या टीव्ही-संगणकांची काळी खोकी वितळवून त्याच दाण्यातून भांडी केली तर येतं. आठवडी बाजारात टोपलीत मांडलेला काळाभोर मग, तो झारा, तो डबा कोणत्या दाण्याचा, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आपल्या कायद्यात अन्नाला लागणाऱ्या वेष्टनासाठी पुनर्वापराच्या मालावर बरीच वर्षं बंदी होती. कालथ्याला वेष्टन म्हणत नाहीत, एवढीच काय ती अडचण.

मग घरात जपायचं कुठं? दोन गोष्टी लक्षात ठेवा, उष्णता आणि तेल. प्लास्टिकमध्ये मिसळलेली बहुतेक रसायनं थंड पाण्यापेक्षा गरम तेलात लवकर उतरतात. आता मिसळीचं पार्सल आठवा. फरसाण वेगळं, पाव वेगळे आणि कट पातळ पिशवीत. उकळता कट ओतला की पिशवी हाताला मऊ लागते, गाठ मारताना ताणते, वर तर्रीचा लाल थर साचतो. उष्णता आणि तेल दोन्ही एकाच पिशवीत. रंगीत पिशवी असेल तर ती कशातून वितळून आली, ते देव जाणे. तिच्याबद्दल मला आजतागायत एकही निरोप आलेला नाही! निरोप येतात ते प्लास्टिकच्या कोबीचे. चहाचंही तसंच. प्लास्टिकचे कप गेले, कागदी आले, आपण सुटलो असं वाटलं. पण त्या कागदाला आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो. आयआयटी खरगपूरच्या सुधा गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये पाहिलं, तर 100 मिलिलिटर गरम पाण्यात पंधरा मिनिटांत सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरले. हे कण शरीरात काय करतात, यावर शास्त्रज्ञांचं एकमत व्हायचं आहे. 2024 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी 257 रुग्णांच्या मानेच्या रक्तवाहिन्यांतला थर तपासला. ज्यांच्या थरात प्लास्टिक सापडलं, त्यांच्यात पुढं हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यू यांचं प्रमाण साडेचार पट निघालं. प्लास्टिकमुळंच हे झालं, असं त्या डॉक्टरांनीही म्हटलेलं नाही. पण काचेचा ग्लास विसळून चहा देण्यात टपरीवाल्याला फार कष्ट पडतात, असं नाही. एवढ्यासाठी संशोधन पूर्ण व्हायची वाट कशाला पाहायची?

बाळाच्या दुधाच्या बाटलीचा प्रश्न मात्र बराचसा मिटला. कडक, पारदर्शक पॉलिकार्बोनेटमधून बीपीए नावाचं रसायन सुटतं, ते शरीरातल्या संप्रेरकांची नक्कल करतं. युरोपनं 2011 मध्ये आणि भारतीय मानकानं 2015 मध्ये अशा दूधबाटल्या बंद केल्या. 2023 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं बीपीएची सुरक्षित मर्यादा एकदम वीस हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या तशाच संस्थेनं हे गणित अमान्य केलं, तरी 2024 च्या अखेरीस युरोपनं अन्नाच्या भांड्यांतून बीपीए हद्दपार करायचं ठरवलं. शास्त्रज्ञ असे उघड भांडतात, तेव्हा सामान्य माणूस वैतागतो. माझा अनुभव उलटा आहे. जिथं कुणीच भांडत नाही आणि खाली ‘दहा जणांना पाठवा’ लिहिलेलं असतं, तिथं मी सावध होतो.

आता बंबाकडं येतो. या भागात बंब कुणाला समजावून सांगायला नको. तांब्याचं पिंप, मधून जाणारी नळी, खाली जाळी, वरून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम येतं. नळीत पूर्वी चिपाडं, शेणी, ढलप्या पडायच्या. पेटवायला रॉकेलचा बोळा असायचा. रेशनचं रॉकेल बंद झालं, ढलप्या महाग झाल्या. आता सकाळी सहाला कोणत्याही गल्लीतून जा, नळीत आधी काय जातं ते दिसेल. दुधाची पिशवी, वेफर्सचं पाकीट, तुटलेली चप्पल. पिशवी पेटते चटकन, थेंब थेंब गळते, निळसर ज्योत धरते. त्या धगीत कोरडं लाकूड लगेच धरतं. तेवढ्यात नळीतून काळा धूर सुटतो आणि शेजारची आजी पदर नाकाला लावते. पेटवणारी बहुतेक घरातली सून असते आणि मांडीवर नाही तर कडेवर पोर असतं.

फोनवरच्या निरोपातलं डायॉक्सिन बाटलीत नव्हतं, ते इथं आहे. चप्पल, वायरचं आवरण, रेक्झिन, पाइपचा तुकडा हे बरेचदा पीव्हीसी असतं आणि पीव्हीसीत क्लोरीन भरपूर. कचरा जाळायच्या अद्ययावत भट्टीत धूर निदान 850 अंशांवर दोन सेकंद ठेवावा लागतो, तेव्हा डायॉक्सिन मोडतं. बंबात आणि उकिरड्यात आच अर्धवट असते, धूर थंड होत जातो. डायॉक्सिन तयार व्हायला नेमकं हेच हवं असतं. ते राखेत बसतं, गवतावर बसतं. म्हैस ते गवत खाते, कोंबडी ती राख उकरते. डायॉक्सिन चरबीत साठतं, म्हणून पुढं दुधात आणि अंड्यात उतरतं. 2016 साली केरळात आणि 2017 साली कोलकात्यात ‘प्लास्टिकच्या अंड्यां’ची बोंब झाली, तेव्हा लोकांनी कवचाखालचा नैसर्गिक पापुद्रा प्लास्टिक म्हणून दाखवला होता. परसातल्या ज्या गावठी कोंबडीचं अंडं आपण दुप्पट भाव देऊन निर्धास्त खातो, तिच्या पायाखालच्या राखेत काय आहे, हे कुणी विचारलं नाही. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं डिसेंबर 2016 मध्ये बंदी घातली, दंड 5,000 रुपयांपासून पुढं. बंदी आहे, हे तुमच्यापैकी कितीजणांना आत्ता कळलं? हात वर करू नका, मला अंदाज आहे.

आता कुणी म्हणेल, पाकिटं जाळू नको तर करू काय? हा रास्त प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर भंगारवाल्याच्या काट्यावर आहे. त्यासाठी थोडं मागं जाऊ. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली, गटारांतून पिशव्यांचे बोळे निघाले. पुढच्या वर्षी राज्यानं नियम केला की 50 मायक्रॉनपेक्षा पातळ आणि 8 बाय 12 इंचांपेक्षा लहान पिशवी नको. हा मायक्रॉन आला कुठून? हिशोब करून बघा. त्या मापाची 50 मायक्रॉनची पिशवी पावणेसहा ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे किलोला पावणेदोनशे पिशव्या. 20 मायक्रॉनची असेल, तर किलोला साडेचारशेच्या घरात. कचरा वेचणारी बाई दिवसभर वाकून साडेचारशे पिशव्या कशाला वेचेल? ती बाटली उचलते. झाकण वेगळं काढते, कारण ते दुसऱ्या जातीचं. वरचं लेबल सुरीनं फाडते. काट्यावर तिला भाव मिळतो. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक, अ‍ॅल्युमिनियम आणि पुन्हा प्लास्टिक असे थर चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. काट्याला जे चालत नाही, ते बंबात जातं.

2018 च्या मार्चमध्ये राज्यानं सरसकट बंदीची अधिसूचना काढली, 23 जूनपासून दंड सुरू झाले. भाजीवाली आणि फुलवाली यांच्या पिशव्या जप्त झाल्या. वेफर्सचं पाकीट दुकानात तसंच लटकत राहिलं. माझ्या मते ही बंदी जिथं सोपी होती तिथं पडली आणि जिथं गरज होती तिथं पोचली नाही. पुण्यात कचरावेचकांनी 1993 मध्ये संघटना बांधली आणि पुढं ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था उभी राहिली. घरोघर जाऊन वेगळा कचरा उचलणाऱ्या या बायकांनी जितकं प्लास्टिक वाचवलं, तितकं कुठल्या जप्तीनं वाचवलं असेल, असं मला वाटत नाही.

प्लास्टिक नकोच, पुन्हा तांब्या-पितळेकडं वळा, असं म्हणणारंही एक पथक आहे. हे बोलणारे बहुधा पुरुष असतात. पितळेचा हंडा रिकामाच डोक्यावर घेऊन बघा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेव्हाची छायाचित्रं आठवा. रांगेत मांडलेल्या घागरी सगळ्या प्लास्टिकच्या होत्या, लाल, निळ्या, हिरव्या. बोहारणीला जुनी लुगडी देऊन त्या घरात आल्या आणि बायकांच्या मानेवरचं ओझं कमी झालं. ती घागर दहा वर्षं टिकते. पाकीट दहा मिनिटं. दोन्हींना एकाच नावानं झोडपण्यात शहाणपण नाही.

सभागृहाबाहेर चहाची व्यवस्था आहे आणि माझ्या विनंतीवरून तो काचेच्या ग्लासात आहे, तेव्हा आटोपतं घेतो. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ग्रामीण भागात दर तालुक्याला प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रासाठी 16 लाख रुपयांपर्यंतची तरतूद केली होती. ज्या पाकिटांना भंगारवाला हात लावत नाही, ती तिथं गोळा करून, दाबून पुढं रस्त्याच्या डांबरात किंवा सिमेंटच्या भट्टीत पाठवता येतात. 15 ऑगस्टला ग्रामसभा आहे. पाणी आणि घरकुलाच्या विषयांनंतर उठून दोनच प्रश्न विचारा. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठं आहे? आणि आपल्या गावची गाडी तिथं कोणत्या वारी जाते? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आणि तोवर निदान चप्पल बंबात घालू नका.